रस्त्याकडे तोंड करून

आमच्या साइटवरचा एकच ग्रुप फोटो माझ्याकडे आहे. त्यात पंचवीसतीस माणसं हेल्मेट घालून कॅमेऱ्याकडे बघत उभी आहेत आणि एक म्हातारा मान वळवून डावीकडे बघतोय. फोटोवाल्याने त्यांना तीनदा विनवलं, काका, इकडं बघा. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "मी हिकडं बगितलं तर तिकडं कोन बगनार?" तिकडे म्हणजे हायवेकडे. फोटोवाल्याने कपाळाला हात लावला आणि तसाच फोटो काढला.

त्यांना सगळे नाना म्हणायचे. मस्टरवर त्यांचं खरं नाव होतं, पण ते इथे लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. गाव भोंगवली. तीस वर्षं एसटीची गाडी चालवून रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून आमच्या कंपनीत लागले. झेंडेवाल्या माणसांवर देखरेख करायची, एवढंच त्यांचं काम. पण किकवी सोडून सारोळ्याकडे जाताना आमचं अंडरपासचं काम चालू होतं, तिथे नानांनी मान हलवल्याशिवाय गाड्या अडवायचा एक प्लास्टिकचा कोनसुद्धा जागचा हलत नसे. साहेबांची सही कागदावर लागायची, नानांची मान रस्त्यावर.

चालत्या रस्त्याला त्यांनी कधी पाठ दाखवली नाही. चहा प्यायचे ते उभ्याने, रस्त्याकडे तोंड करून. डबा खायचे तोही तसाच. लग्नाच्या पंगतीत बसले तरी मांडवाचं दार समोर येईल अशी जागा धरायचे, आणि वाढपी दाराशी उभा राहिला तर त्याला बाजूला व्हायला सांगायचे. साइटजवळच्या मारुतीच्या देवळातसुद्धा ते आडवे उभे राहून नमस्कार करत, एक डोळा देवाकडे आणि एक रस्त्याकडे. मी कारण विचारलं तेव्हा एकदा म्हणाले, लहानपणी बैलाने मागून ढुसणी दिली होती. पुन्हा विचारलं तर म्हणाले, एसटीत आरशात बघायची सवय लागली, आता आरसा नाही म्हणून मानच फिरवतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर कंटाळून म्हणाले, "मागनं येनारा दिसत न्हाई, म्हनून." यातलं खरं कुठलं ते मला आजही माहीत नाही. बहुधा शेवटचं.

मी तेव्हा नुकती इंजिनिअर झाले होते. सोलापूर शहरात वाढलेली मुलगी, किकवीत एका खोलीत भाड्याने राहायची. कॉलेजात पहिल्या तिघांत होते आणि हे दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सांगायची माझी खोड होती. साहेबांनी माझ्याकडे ट्रॅफिक प्लॅन दिला. काम चालू असताना हायवे कुठून वळवायचा, फलक कुठे, दिवे कुठे, पायी माणसांनी कुठून रस्ता ओलांडायचा, हे सगळं नकाशावर दाखवायचं. हा नकाशा मंजूर झाल्याशिवाय खोदाई पुढे सरकत नाही. मी आठ दिवस कॉम्प्युटरसमोर बसून तो काढला. रंगीत काढला. मग नानांना दाखवायला नेला.

नानांनी तो जमिनीवर अंथरला, चारी कोपऱ्यांवर खडी ठेवली आणि गोल फिरवला. साताऱ्याची बाजू साताऱ्याकडे आल्यावर थांबले. माझी सगळी अक्षरं उलटी झाली होती. मी म्हटलं, नाना, उलटा धरलाय तुम्ही. ते म्हणाले, "कागद रस्त्यासारका ठेवायचा म्याडम. रस्ता कागदासारका व्हायचा न्हाई." मग उकिडवे बसून त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, प्रत्येक फलकाशी थांबले, आणि उठून माझ्या मोटरसायकलवाल्या सहकाऱ्याला म्हणाले, चल.

फलक तपासायची त्यांची स्वतःची रीत होती. मोटरसायकलवर मागे बसायचं, डोळे मिटून घ्यायचे, गाडी जोरात न्यायला लावायची आणि फलकापाशी आल्यावर पापणी उघडून लगेच मिटायची. तेवढ्यात जे वाचता आलं तेवढंच फलकावर ठेवायचं. मी लिहिलं होतं, 'पुढे काम चालू आहे, कृपया वाहने सावकाश चालवून सहकार्य करावे.' नाना परत येऊन म्हणाले, 'फुडं काम' एवढं दिसलं. बाकीचं काढा, रंग वाचंल. मी चिडले. आजही माझ्या फलकांवर दोनच शब्द असतात.

आणखी एक वेड होतं त्यांचं. नवीन वळण टाकायच्या आधी ते स्वतः त्यावरून निरनिराळी माणसं होऊन चालायचे. सकाळी सकाळी सांगायचे, आज मी म्हातारी हाय. मग काठी टेकत, थांबत, कमरेवर हात ठेवत रस्ता ओलांडायचे, आणि आम्ही वेळ मोजायची. दुसऱ्या दिवशी ते शाळेतलं पोर व्हायचे आणि मध्येच धूम पळायचे. सत्तरीकडे झुकलेला माणूस दप्तर पाठीला असल्यासारखा उड्या मारत पळतोय हे बघून मजूर पोट धरून हसायचे. नानांना त्याचं काही नव्हतं. धनगरांचे कळप घाटाकडून खाली येत तेव्हा पुढचा माणूस आदल्या दिवशी नानांना मोबाईल करायचा, आणि ठरल्या वेळी नाना दोन्हीकडचे ट्रक थांबवून मेंढरं पार करायचे. साहेब एकदा वैतागून म्हणाले, मेंढरांना वळणाने न्या की. नाना म्हणाले, मेंढरू फुडच्याच्या मागं जातं, त्याला नकाशा वाचता येत न्हाई, आन् मानसाचंबी तसंच हाय.

तर त्या माझ्या नकाशाची गोष्ट. गाव रस्त्याच्या एका अंगाला आणि शेतं दुसऱ्या अंगाला. बाया सकाळी पलीकडे जायच्या आणि दिवस कलताना गुरांची वैरण डोक्यावर घेऊन परतायच्या. मी त्यांच्यासाठी कठड्यांमध्ये एक फट ठेवली होती, झेब्रा पट्टे मारले होते आणि संध्याकाळी लख्ख उजेड पडावा म्हणून दिव्यांचा मनोरा आणि त्याचा जनरेटर अगदी फटीशेजारी दाखवला होता. माझ्या मते नकाशातली ही सगळ्यांत चांगली गोष्ट होती.

नानांनी त्या जागी बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग म्हणाले, "हितली सांज बगून मग सांगतो." दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या भाचीचं लग्न होतं. दोन दिवस गावी जातो, आल्यावर संध्याकाळी इथे बसतो, तोवर वळण उघडू नका, असं बजावून गेले.

ते गेले त्याच दिवशी मंजुरीचं पत्र आलं. पत्रात तारीख होती, साहेबांना घाई होती, खोदाईची मशिनं उभी होती. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, नानांनी बघितलंय ना? मी म्हटलं, बघितलंय. खोटं असं नव्हतं ते, आणि खरंही नव्हतं. मला माझा पहिला नकाशा रस्त्यावर उतरलेला बघायचा होता. एका एसटी ड्रायव्हरच्या मानेसाठी मी थांबायचं, याचा रागही होता. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण तसं होतं.

दुपारी वळण उघडलं. सगळं नकाशाबरहुकूम. ट्रक सुतासारखे वळत होते. मी मोबाईलवर आईला व्हिडिओ पाठवला.

दिवस कलला, मजुराने जनरेटर चालू केला, दिवे लागले. पलीकडून चार बाया भारे घेऊन आल्या. तीन जणी पार झाल्या. चौथ्या अक्का होत्या, गावातल्या, पन्नाशीच्या, मी रोज ज्यांच्या घरून दूध घ्यायची त्या. त्या फटीतून सरळ चालत आल्या. ना थांबल्या, ना इकडेतिकडे बघितलं. पुण्याकडून येणाऱ्या टेम्पोच्या आरशात त्यांचा भारा अडकला, त्या गर्रकन फिरल्या आणि कठड्यावर आदळल्या. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून चाकाखाली गेल्या नाहीत. रस्ताभर भाऱ्यातलं हिरवं कडवळ पसरलं. मी धावत गेले तेव्हा त्या हात छातीशी धरून बसल्या होत्या आणि एकच म्हणत होत्या, "टेंपू ऐकूच आला न्हाई गं बाई."

'ऐकू' हा शब्द मला तेव्हा समजला नाही. एवढा उजेड होता, दिसला कसा नाही, असंच माझ्या मनात येत होतं.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलं. निरोप मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच नाना लग्नाच्या टोपीसकट साइटवर हजर झाले. आधी ते अक्कांच्या घरी जाऊन आले होते. साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि नानांना विचारलं, "तुम्ही बघितलं होतं ना हे?"

नाही म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि ते नाही म्हणाले असते तर मी त्याच दिवशी सोलापूरची गाडी धरली असती. नाना खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, "कागद बगितला हुता सायेब. सांज बगायची ऱ्हायली हुती."

साहेबांनी त्याचा अर्थ काय लावला कोण जाणे. वळण बंद करा आणि नवीन नकाशा आणा, एवढंच म्हणाले. मी बाहेर येऊन नानांचे आभार मानायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं. रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "अक्काची सून वल्ली बाळंतीन हाय. दावनीला दोन म्हशी हायेत. पलास्टर निघंस्तवर सांच्याचा भारा तुमी आनायचा म्याडम. नकाशा मग काढा."

मला वाटलं चेष्टा करतायत. संध्याकाळी पाच वाजता ते विळा आणि दोरी घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

वैरण कापता येईना, ती शेजारच्या शेतातल्या बायांनी हसत हसत कापून दिली. एकीने पदराची चुंबळ करून माझ्या डोक्यावर बसवली, दोघींनी भारा उचलून ठेवला. आणि उभ्या उभ्याच मला माझी चूक कळली. भारा डोक्यावर आला की मान वळत नाही. वळवायची म्हटलं तर सगळ्या अंगाने वळावं लागतं, आणि तसं वळलं की तोल जातो. पानं कपाळावर येतात, दोन्ही कानांवर लोंबतात. दिसतात ती फक्त पुढची आठदहा पावलं आणि स्वतःचे पाय. डावीउजवीकडे बघून रस्ता ओलांडावा, हे मी नकाशावर लिहिलं होतं. बाया बघत नव्हत्याच, त्या ऐकत होत्या. कानांनी रस्ता ओलांडत होत्या. आणि मी त्यांच्या कानाशी जनरेटर आणून ठेवला होता.

रस्त्याच्या कडेला आले तेव्हा मी थांबले. नाना पलीकडे शिट्टी घेऊन उभे होते. काम बंद असल्याने त्या दिवशी जनरेटर चालू नव्हता, गाड्या जुन्याच वाटेने जात होत्या, तरी माझा पाय उचलेना. नानांनी दोन्हीकडची वाहतूक थांबवली, माझ्यासाठी, मेंढरांसाठी थांबवायचे तशी. मी पार झाले आणि भारा पाडला. त्यांनी तो पुन्हा बांधून डोक्यावर दिला.

रोज गेले. मान अवघडायची, केसांत कडवळाची कुसं राहायची. साइटवरचे लोक पहिले चार दिवस हसले, मग हसायचे थांबले. अक्का ओसरीवर प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या. भारा किती बारीक आणलास, म्हशी काय उपवास धरतायत काय, असं रोज सुनवायच्या आणि रोज चहा द्यायच्या. एका संध्याकाळी मी त्यांना विचारलं, आधी, खोदाई व्हायच्या आधी, तुम्ही रस्ता कसा ओलांडायचात? त्या म्हणाल्या, "बांध हुता की तितं, डोक्याएवढा. त्येला भारा टेकवायचा, मान मोकळी करायची, दोनी अंगाला बगायचं, मग पुन्ना डोक्यावर सरकवायचा. तुमच्या मशिनीनं नेला त्यो बांध. मग आमी निस्त्या कानावर आलो."

मी तो बांध बघितला होता. मोजणी करताना त्याच्यावर बसून मी डबासुद्धा खाल्ला होता. मोजणीच्या कागदात त्याची नोंद 'मातीचा ढीग, काढून टाकणे' अशी केली होती.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं की नानांनी संध्याकाळ बघितली नव्हती हे मला माहीत होतं, तरी मी बघितलंय म्हणाले. साहेबांनी मला लेखी ताकीद दिली. ते पत्र मी जपून ठेवलंय, त्या ग्रुप फोटोच्याच पाकिटात.

नवीन नकाशात जनरेटर शंभर पावलं लांब, वळणाच्या पलीकडे गेला. आणि फटीच्या दोन्ही बाजूंना मी एकेक चौकोन काढला. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलं, हे काय? अशी खूण कुठल्या पुस्तकात नाही. मी म्हटलं, भारा टेकवायचा कट्टा. मग त्यांना भारा म्हणजे काय ते सांगावं लागलं. नानांनी दोन्ही कट्टे उभे राहून बांधून घेतले. उंचीसाठी गवंड्याला टेप वापरू दिला नाही. अक्कांना बोलावून आणलं, त्यांच्या शेजारी कट्टा चढवत नेला आणि बरोबर जागी आल्यावर, बास, म्हणाले. त्या वेळी अक्कांचं प्लास्टर निघालं होतं. पहिला भारा त्यांनीच टेकवला, दोन्हीकडे बघितलं, आणि नानांकडे न बघता पार झाल्या.

अंडरपास पुरा झाला, कट्टे पाडले, आम्ही पांगलो. नाना भोंगवलीला घरी बसले. पुढे मी बऱ्याच साइटी केल्या, आणि प्रत्येक ठिकाणी कागद अंथरण्याआधी संध्याकाळ बघत गेले. त्यांनी मला वाचवलं असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. वाचवणं त्यांना सोपं होतं, 'चूक माझी' एवढं एक वाक्य वाढवलं की झालं असतं. त्यांनी मला भाऱ्याखाली उभं केलं. माझ्यावर इतके मोठे उपकार दुसऱ्या कुणी केलेले नाहीत.

गेल्या वर्षी वेल्ह्याच्या रस्त्यावर एका ओढ्यावरच्या पुलाचं काम माझ्याकडे आलं. या वेळी नकाशावर सही माझी होती. उघडायच्या आधी मी गाडी घेऊन भोंगवलीला गेले. नानांचे गुडघे गेले होते, काठी आली होती. येता का विचारलं तर आत जाऊन टोपी घालून आले, आणि लोखंडी घडीची खुर्ची गाडीत टाकायला लावली.

चारच्या सुमाराला पोचलो. मी कागद जमिनीवर अंथरला, चारी कोपऱ्यांना खडी ठेवली आणि वेल्ह्याची बाजू वेल्ह्याकडे केली. नाना काठीवर भार देत वाकले. बोट फिरवत गेले, दोन चौकोनांशी थांबले आणि पुढे गेले. "सांज हू द्या," म्हणाले, आणि खुर्ची रस्त्याकडे करून बसले.

दोन तास ते तसेच बसून होते. दिवे लागले. जनरेटर खिंडीच्या पलीकडे होता, त्याची नुसती घरघर येत होती, आणि ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं. डोंगराकडून बाया उतरल्या, कट्ट्याला भारे टेकवले, माना मोकळ्या केल्या, एकमेकींशी काहीतरी बोलल्या, एक जीप जाऊ दिली आणि पार झाल्या. त्यांच्यामागून एक म्हातारा चार शेळ्या घेऊन आला, तोही पार झाला. नाना मान वळवून त्यांच्याकडे बघत राहिले, पार पलीकडच्या वाटेला लागेपर्यंत.

मी चहा आणला. नाना काठीवर जोर देऊन उठले. मला वाटलं, उभ्याने प्यायचा असेल नेहमीसारखा. त्यांनी खुर्ची उचलली, अर्धी फिरवली, आणि डोंगराकडे तोंड करून, रस्त्याला पाठ देऊन खाली बसले. पाय लांब केले. कप बशी मागितली.

मागून एक टेम्पो गेला. त्यांनी मान वळवली नाही.

मी म्हटलं, "नाना, रस्ता मागं आहे."

"ठावं हाय मला," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "तू हायस की हितं."

ते सावकाश फुंकर घालत चहा पीत होते. मी त्यांच्या पाठीशी उभी राहिले, माझा कप हातात धरून, रस्त्याकडे तोंड करून. त्यांचा चहा संपला तेव्हा माझा गार झाला होता.